दवाखान्याच्या भिंतीवरचं सर्टिफिकेट कसं वाचायचं

गडहिंग्लज, कागल, निपाणीकडचा पेशंट कोल्हापूरला हलवायचं ठरलं की पाहुण्यांतलं कुणीतरी मला फोन करतंच. "सिस्टर, ते हॉस्पिटल एनएबीएच हाय म्हणत्यात. मग बरं असंल न्हवं?" एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता. राजारामपुरीतल्या एका हॉस्पिटलात मी इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर होते. तिच्यासाठीच्या असेसमेंटच्या, म्हणजे तपासणीच्या, फायली माझ्याच टेबलावर असायच्या, म्हणून लोक विचारतात. पण पेशंट अत्यवस्थ असेल तर यातलं काही बघत बसू नका, जवळचं आयसीयू गाठा. गुडघ्याचं ऑपरेशन, मोतीबिंदू, बाळंतपण अशा ठरवून करायच्या गोष्टींसाठी हे आहे.

रिसेप्शनमागची फ्रेम जवळ जाऊन वाचा. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. कुणी दिलं, कशाला दिलं आणि कधीपर्यंत, एवढंच शोधायचं.

एनएबीएच हे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं मंडळ, 2005 सालचं. त्याची पूर्ण मान्यता वेगळी आणि 'एंट्री लेव्हल' वेगळी. एंट्री लेव्हल ही पहिली पायरी, त्यात निकष कमी. वाईट मुळीच नाही, लहान हॉस्पिटलनं तेवढं केलं तरी मला कौतुक वाटतं. पण जाहिरातीत दोन्हीला नुसतं 'एनएबीएच' म्हणतात, तिथं फसू नका. मान्यता पत्त्याला असते, मालकाला नाही. एका शाखेची फ्रेम दुसऱ्या शाखेत लावली म्हणून ती तिथं लागू होत नाही. मुदत संपल्याची तारीख छापलेली असते. शंका आली तर एनएबीएचच्या वेबसाइटवर हॉस्पिटलचं नाव शोधा, पाच मिनिटांचं काम आहे.

एनएबीएल हे लॅबचं. त्याचा वॉर्डाशी संबंध नाही, आणि लॅबमध्येसुद्धा ते ठरावीक तपासण्यांपुरतंच असतं. आयएसओ 9001 म्हणजे कामाची पद्धत लिहून ठेवली आहे आणि ती पाळतात, एवढंच. ते कारखान्यालाही मिळतं. 'बेस्ट हॉस्पिटल' छापाच्या ट्रॉफ्यांवर मी वेळ घालवत नाही.

सरकारी दवाखान्यात एनएबीएच नाही म्हणून नाक मुरडू नका. तिथं एनक्यूएएस बघा, म्हणजे सरकारी दवाखान्यांच्या दर्जाचं राष्ट्रीय सर्टिफिकेट. 'कायाकल्प' हा 2015 पासूनचा पुरस्कार स्वच्छता आणि संसर्ग रोखण्याबद्दलचा. 'लक्ष्य' हे सर्टिफिकेट फक्त प्रसूतिकक्ष आणि बाळंतपणाच्या ऑपरेशन थिएटरपुरतं. त्याच्या तपासणीत 70 टक्क्यांच्या वर गुण मिळाले तर सिल्व्हर, 80 च्या वर गोल्ड, 90 च्या वर प्लॅटिनम. सुनेचं बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात करायचं असेल तर मी हा बोर्ड आधी शोधेन.

आता खरी परीक्षा. असेसमेंटच्या आठवड्यात कुठलाही वॉर्ड चकाचक असतो, साखरपुड्याच्या घरासारखा. म्हणून भेटायच्या वेळी एखाद्या ओळखीच्या पेशंटकडे जा आणि तासभर नुसतं बसा. सिस्टर इंजेक्शन द्यायला येते तेव्हा पेशंटला त्याचं नाव विचारते का, मनगटावरच्या पट्ट्यावरचा नंबर बघते का? "बेड नंबर सहा" एवढ्यावर औषध देत असतील तर फ्रेम सोन्याची असली तरी मला नको. ओळख दोन खुणांनी पटवायची असते आणि बेड नंबर त्यात धरत नाहीत, कारण पेशंटचा बेड बदलतो. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हाताला सॅनिटायझर लावतात का? ग्लोव्हज घातले म्हणजे झालं असं समजणारे बरेच असतात. तेच ग्लोव्हज घालून दोन बेड फिरले की झालं कल्याण.

ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "सर्जिकल चेकलिस्ट वापरता ना?" ती जागतिक आरोग्य संघटनेची आहे: भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी, अशी तीनदा तपासणी. उजवा गुडघा की डावा, याची खूण पेशंट जागा असतानाच करायला सांगा. चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही. संमतिपत्र मराठीत मागा आणि कोरं असेल तर सही करू नका. खर्चाचा अंदाजही आधीच लेखी घ्या.

एक मात्र लक्षात ठेवा: अमुक सर्जनचा हात कसा आहे, हे यातलं कुठलंच सर्टिफिकेट सांगत नाही. "अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता?" हे त्यांनाच विचारावं लागतं.

फ्रेम असो वा नसो, शुश्रूषागृहाची नोंदणी हवीच. कोल्हापूर शहरात ती महापालिका करते. 2021 च्या नियमांनुसार रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावावं लागतं. ते कुंडीमागं किंवा कॅलेंडरखाली असेल तर काउंटरवर मोठ्यानं विचारा, म्हणजे मागच्या रांगेतल्यांनाही कळेल. तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. हॉस्पिटल मान्यताप्राप्त असेल तर एनएबीएचकडेही देता येते. बिल आणि डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडायला विसरू नका.