शिक्षक व कर्मचाऱ्यांची प्रकरणे हाताळताना शाळा व्यवस्थापनांनी या चुका टाळाव्यात

शाळेची बाजू न्यायालयात पडते तेव्हा शिक्षक निर्दोष ठरलेला असतोच असे नाही. पुष्कळदा केवळ कार्यपद्धती चुकलेली असते.

सर्वांत महागात पडते ती चौकशीतील घाई. विद्यार्थिनींच्या लैंगिक छळाच्या तक्रारींवरून गोवा विद्यापीठाने एका विभागप्रमुखाला बडतर्फ केले आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्ये ती कारवाई कायम ठेवली. परंतु 2009 च्या मे महिन्यात चौकशी समितीने लागोपाठ बैठका उरकून संबंधिताला बचावाची पुरेशी संधी दिली नाही, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2023 रोजी बडतर्फी रद्द केली आणि चौकशी 5 मे 2009 च्या टप्प्यापासून पुन्हा करण्यास सांगितले. म्हणजे 14 वर्षांनंतर तक्रारदारही पुन्हा पहिल्या पायरीवर आल्या. घाईने त्यांचेही भले झाले नाही, हे व्यवस्थापनांनी ध्यानात घ्यावे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने चौकशीला 90 दिवस दिलेले आहेत; साक्षी-पुराव्यांच्या प्रती देणे, तारखेची आगाऊ सूचना देणे आणि आजारपणासारख्या कारणाने मागितलेल्या मुदतवाढीचा लेखी निर्णय नोंदवणे यांसाठी ते वापरावेत. अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या संस्थेच्या अंतर्गत समितीवर बाहेरील सदस्य नाही किंवा निम्म्या सदस्य महिला नाहीत, असे चौकशी सुरू झाल्यावर लक्षात आले, तर काम तसेच पुढे न रेटता समितीची रीतसर पुनर्रचना करावी.

तक्रारदार मुलगी अथवा मुलगा 18 वर्षांखालील असेल, तर मात्र अंतर्गत चौकशीच्या निकालाची वाट पाहणे हीच चूक ठरते. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि हाताखालील कर्मचाऱ्याविरुद्धचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेचे नाव खराब होईल’ हा बचाव कायद्याला ठाऊक नाही.

दुसरी चूक एका जुन्या गैरसमजातून होते. गोव्यातील करंझाळे येथील शाळेतील एका शिक्षिकेच्या प्रकरणात 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याखालील ‘कामगार’ नाही, असा निर्णय दिला. त्यावरून शिक्षकाला एका पत्राने घरी बसवता येते, असा अर्थ काही व्यवस्थापने काढतात. वास्तविक गोव्यातील मान्यताप्राप्त शाळांना 1984 चा शालेय शिक्षण कायदा व 1986 चे नियम लागू आहेत आणि शिक्षकाला प्रशासकीय लवादाकडे दाद मागता येते. निलंबनाचा किंवा बडतर्फीचा आदेश काढण्यापूर्वी हे नियम समोर ठेवावेत. पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाशी पत्रव्यवहार आदेशानंतर सुरू करण्यात अर्थ नाही.

शिक्षक पात्रता परीक्षेबाबतही चुका होत आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानुसार पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला 5 वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही 2 वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. त्याहून कमी सेवा उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण परीक्षेविना बढती मिळणार नाही. तेव्हा ‘आमचे शिक्षक जुने आहेत’ असे म्हणून भागणार नाही. अल्पसंख्याक संस्थांना ही परीक्षा लागू होते का, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला आहे, आणि अशा शाळा गोव्यात पुष्कळ असल्याने सूट कायमची मिळाली असे समजून कोणी निर्धास्त राहू नये. सेवाज्येष्ठता यादीत प्रत्येकाच्या नावापुढे निवृत्तीची तारीख आणि परीक्षेची स्थिती नोंदवून ठेवल्यास बढतीच्या वेळचे वाद टळतील.

ग्रॅच्युइटीबाबत, म्हणजे सेवा संपताना द्यायच्या रकमेबाबत, शंकेला जागा उरलेली नाही. 2009 च्या दुरुस्तीने ती शिक्षकांना 3 एप्रिल 1997 पासून लागू झाली आणि विनाअनुदानित शाळांचे आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये फेटाळले. कर्मचाऱ्याने अर्ज केला नाही, हे रक्कम रोखण्याचे कारण होऊ शकत नाही; हिशेब मांडून ती 30 दिवसांत देण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची असते, आणि विलंब झाल्यास व्याजही व्यवस्थापनालाच भरावे लागते.