पडीक वरकसातून जंगल: अनुक्रमण शिकवणारा वर्गातील खेळ

उघड्या किंवा पडीक जमिनीवर वनस्पतींचे समुदाय एकामागून एक येत जातात, या प्रक्रियेला परिसंस्थेचे अनुक्रमण म्हणतात. पाठ्यपुस्तकातील बाणांची आकृती मुले सहज पाठ करतात. परंतु आलेली वनस्पती जमीन बदलते आणि त्या बदललेल्या जमिनीवर दुसरीच वनस्पती तिची जागा घेते, हे आकृतीतून उमगत नाही. ते उमगावे यासाठी हा खेळ आहे.

कोकणात डोंगरउतारावरील वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत नाचणी-वरी घेणे थांबले आहे, अशी कल्पना करावी. फरशीवर खडूने सोळा घरांचा चौकोन आखावा आणि वर्गाचे गवत, करवंद, ऐन व जांभूळ असे चार गट करावेत. प्रत्येक गटाला आपल्या नावाची कार्डे द्यावीत. त्याशिवाय एक फासा आणि वाटीभर चिंचोके लागतील. चिंचोका म्हणजे पालापाचोळा कुजून तयार झालेली माती.

प्रत्येक फेरीत गटाला दोन कार्डे मांडता येतात, मात्र प्रत्येक कार्डासाठी फाशावर तीन किंवा अधिक पडले तरच बी रुजले असे समजावे. गवत कोणत्याही रिकाम्या घरात येते. करवंदाला घरात दोन, ऐनाला तीन आणि जांभळाला पाच चिंचोके लागतात. ऐनाची पंखधारी फळे वाऱ्याने पसरतात, म्हणून त्याला शेजाराची अट नाही. जांभळाचे बी पक्षी आणतात आणि पक्ष्याला बसायला फांदी हवी, म्हणून जांभूळ फक्त करवंद किंवा ऐन असलेल्या घराशेजारीच मांडता येते. फेरी संपली की वनस्पती असलेल्या प्रत्येक घरात एक चिंचोका टाकावा. नंतरच्या गटाचे कार्ड आधीच्या गटाच्या कार्डाची जागा घेऊ शकते, उलट कधीच नाही. चिंचोके मात्र घरातच राहतात. जांभळाच्या गटाला पहिल्या पाच फेऱ्या काहीच मांडता येत नाही. ही प्रतीक्षा कमी करू नये, कारण शिकण्याचा गाभा तिच्यातच आहे. त्या काळात त्या गटाने प्रत्येक फेरीचा नकाशा वहीत काढावा.

आठव्या फेरीनंतर अर्ध्या चौकोनात वणवा लागल्याचे जाहीर करावे. जाड सालीचा ऐन तेवढा टिकतो, बाकीची कार्डे उचलावीत, चिंचोके तसेच ठेवावेत. पुढच्या फेरीत करवंद लगेच कसे परतले, असे विचारल्यावर माती शिल्लक होती, हे मुले स्वतःच सांगतात. माती नसलेल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, सुरुवात शैवाकांपासून (दगडफुलांपासून) होते, हा फरक येथेच समजावून द्यावा.

शक्य असल्यास खेळ एकदा फाशाशिवायही खेळावा. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये वनस्पतिसमुदायाला ठरलेल्या टप्प्यांतून वाढणाऱ्या सजीवासारखे मानले होते. दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री ग्लीसन यांनी १९२६ मध्ये कोणते बी कुठे पोहोचते या योगायोगावर भर दिला. फाशाशिवायचा खेळ क्लेमेंट्स यांच्या, तर फाशाचा खेळ ग्लीसन यांच्या मताजवळचा आहे. दोन्ही वेळचे नकाशे शेजारी ठेवले की हा जुना वाद वरच्या इयत्तेतील मुलांना चांगला समजतो.

विजेता ठरवू नये. अन्यथा माती घडवणारा गवताचा गट स्वतःला हरलेला समजतो. शेवटी मुलांना अमेरिकेतून आलेल्या रानमोडी या झपाट्याने पसरणाऱ्या झुडपाचे कार्ड तयार करायला सांगावे आणि तिला किती चिंचोके लागावेत व ती कोणाची वाट अडवील, याचे नियम त्यांनाच लिहू द्यावेत.