गोळ्या चालू आहेत पण फरकच नाही, मग काय करायचं?

दोन महिने डिप्रेशनच्या गोळ्या घेऊनही काडीचा फरक नाही असं वाटलं की पहिला विचार येतो, बंदच करून टाकू. मी तेच केलं, डॉक्टरांना न विचारता, आणि तीन-चार दिवसांत गरगरायला लागलं, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, आई म्हणे बघ, सवय लागली गोळ्यांची. तशी सवय नव्हती ती, एकदम सोडल्यावर असं होतं. सोडायचीच तर डोस हळूहळू उतरवतात, तेही डॉक्टरांना विचारून.

आधी कॅलेंडर बघा. डिप्रेशनच्या गोळ्यांना असर दाखवायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, कधी ८ पण, साइड इफेक्ट मात्र पहिल्याच आठवड्यात हजर! आणि पहिलंच औषध लागू पडेल असंही नाही, अमेरिकेत २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या गोळीवर साधारण तिघांतला एकच पूर्ण बरा झाला होता.

आता खरी गोची. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, डॉक्टर विचारतात कसं वाटतंय आणि आपण म्हणतो 'ठीक', झालं. म्हणून रोज दोन ओळी लिहा, झोप किती, भूक कशी, गोळ्या किती चुकल्या (खरं लिहा हो, दारूचंही), आणि तो कागद सरळ त्यांच्या हातात द्या. सेक्सची इच्छा गेली असेल तर तेही त्यातच लिहा, तोंडाने बोलवत नाही. मग विचारा, डोस वाढवायचा की औषध बदलायचं, थायरॉइड आणि बी१२ तपासायचं का, आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी१२ बऱ्याचदा कमी निघतं. मधेच कधी झोप न घेता चार-पाच दिवस भन्नाट एनर्जी, वारेमाप खर्च असं झालं असेल तर नक्की सांगा, ते बायपोलर (कधी अति उत्साह, कधी डिप्रेशन असा आजार) असू शकतं आणि मग ट्रीटमेंटच वेगळी.

काउन्सेलरशी जमत नसेल तर एकदा तोंडावर सांगून बघा, नाहीच तर बदला. सेकंड ओपिनियनसाठी फाइल मागायला लाजू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुमचा हक्क आहे.

जीव द्यावासा वाटत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, गोळ्यांचा डबा घरच्यांकडे द्या, १४४१६ ला फोन लावा (टेली मानस, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात) नाहीतर सरळ कॅज्युअल्टी गाठा.

माझं तिसऱ्या औषधाला जमलं, तेही थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर.