हो म्हणायच्या आधी थांबा (जर्मनीत नवीन आलेल्यांसाठी)

मी २०११ पासून श्टुटगार्टला राहतेय. दरवर्षी ऑक्टोबर जवळ आला की नवीन मुलं-मुली येतात, कोणी मास्टर्सला, कोणी नोकरीला, कोणी लग्न होऊन, आणि सगळ्यांचे प्रश्न सुरुवातीला तेच असतात, डाळ कुठे मिळते, सिम कुठलं घ्यायचं, कुकर आणू का. ते सगळं आठवड्याभरात कळतं, त्याची काळजी करू नका. माणसं अडकतात ती शब्दांत. आणि अवघड शब्दांत नाही हं, अवघड शब्द आला की आपण डिक्शनरी उघडतोच. जो शब्द आपल्याला कळलाय असं वाटतं आणि समोरच्याच्या मनात त्याचा अर्थ वेगळाच असतो, तिथे पैसे जातात, टर्मिन (भेटीची ठरलेली वेळ) जातो, कधी कधी घरही हातचं जातं.

माझंच सांगते. पहिल्या महिन्यात एका सरकारी ऑफिसात गेले होते, सगळे कागद फाइलमध्ये लावून नेलेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, घरमालकाचं पत्र नाही आणलेलं? प्रश्न असा नकारार्थी. मी म्हटलं "या, या", म्हणजे माझ्या मनात होतं की हो हो, आहे, काढते. त्यांनी ऐकलं, हो, नाही आणलेलं. फाइल बंद, पाच आठवड्यांनी परत या. पत्र बॅगेतच होतं आणि ते काढून दाखवेपर्यंत पुढच्या माणसाचा नंबर लागलेला. रडू आलं होतं मला तिथे. मला हवा होता तो शब्द "डोख". कोणी "नाही ना?" म्हटलं आणि आपल्याला "आहे" म्हणायचंय तर "या" नाही, "डोख". क्लासमध्ये हा शब्द नीट कळत नाही, पण आपल्याकडे त्याला अगदी जुळणारा शब्द आहे, तो म्हणजे "की". "आणलं नाहीस?" "आणलंय की!" हा जो "की" आहे ना, तोच डोख. आणि खरंच नसेल तर नुसतं "नाइन" (नाही) म्हणा, मराठीतल्यासारखं "हो, नाहीये" करू नका, त्या हो मुळेच घोळ होतो.

वेळेचंही तसंच. "हाल्प आख्ट" ऐकलं की इंग्लिश डोक्यात असलेल्याला साडेआठ वाटतं, तर ते साडेसात असतं. एक मुलगी इंटरव्ह्यूला तासभर उशिरा पोचली या एका शब्दापायी. मी आता सगळ्यांना सांगते की इंग्लिश बाजूला ठेवा आणि मराठीत ऐका. आपण पावणेआठ म्हणतो तेव्हा सात वाजून गेलेत तरी नाव आठचं घेतो ना, येणाऱ्या तासाकडे बघून, तसंच हाल्प आख्ट, आठातला अर्धा अजून व्हायचाय. आणि आपलं अडीच तर अगदी सख्खं भावंड आहे त्याचं, संस्कृतातल्या अर्धतृतीय वरून आलंय ते, म्हणजे तिसरा अर्धा, आणि जर्मन अडीचला म्हणतात हाल्प द्राय. इकडे आमच्या स्वाबियन भागात तर त्याहून पुढे, "फिर्टल आख्ट" म्हणजे सव्वासात आणि "द्रायफिर्टल आख्ट" म्हणजे पावणेआठ. उत्तरेकडून आलेला जर्मन माणूससुद्धा इथे चुकतो, त्यामुळे लाजायचं काही कारण नाही, सरळ "सात तीस?" असं आकड्यात विचारून घ्या. आकड्यांत मात्र आपली मजा आहे, पंचवीस जसं पाच आधी वीस नंतर तसंच त्यांचं फ्युन्फउंडझ्वान्झिश, फक्त फोन नंबर लिहून घेताना घाई करू नका, दोन-दोनच्या जोड्यांत सांगतात आणि हात उलटा आकडा लिहून जातो.

स्वाबियन, म्हणजे इथली बोली, निघालीच आहे तर हेही सांगून टाकते कारण पुस्तकात नाही मिळणार. पुस्तकी जर्मनमध्ये "हेबन" म्हणजे उचलणं, इथे म्हणजे धरून ठेवणं. शेजारच्या आजोबांबरोबर कपाट हलवत होतो, ते म्हणाले हेब, मी उचललं, त्यांची अपेक्षा मी घट्ट धरून ठेवीन, बोट चेमटलं त्यांचं. "फूस" म्हणजे पाऊल पण इथले म्हातारे लोक कमरेपासून खाली सगळ्यालाच फूस म्हणतात, घरी काम करणाऱ्या नर्सिंगच्या मुलींनी हे लक्षात ठेवा, आजी म्हणाल्या फूस दुखतोय तर कुठे ते बोट ठेवून विचारा. "टेपिश" म्हणजे गालिचा, इथे पांघरूणही असू शकतं. आणि घर बघताना मालक म्हणाला ब्यूने आहे तर स्टेज नाही, माळा.

घराच्या जाहिराती वाचताना तीन झिमर (खोल्या) म्हणजे तीन बेडरूम समजू नका. हॉलही झिमरच असतो, किचन-बाथरूम मोजत नाहीत, म्हणजे तीन झिमर हे आपलं टू बीएचके. आणि ईबीके असं लिहिलेलं असेल तरच किचनचं फर्निचर असतं, नाहीतर भिंतीतून पाइप बाहेर आलेली रिकामी खोली मिळू शकते, ओटासुद्धा नाही. भाडं "काल्ट" (नुसतं जागेचं) आहे की "वार्म" (वरच्या खर्चासकट) ते बघा, आणि वार्म म्हणजे सगळं आलं असंही नाही, त्यात हीटिंग असतं पण लाइटचं बिल बहुतेक वेळा वेगळं, शिवाय जे नेबनकोस्टन (भाड्यावरचे वरखर्च) दरमहा भरता ते आगाऊ असतं, वर्षाचा हिशोब नंतर येतो आणि तेव्हा जास्तीचे भरायला लागू शकतात. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकं, वार्मच्या नाही, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आहे तुम्हाला. हे माहीत नसल्यामुळे मुलं पहिल्याच दिवशी घरून पैसे मागवतात.

अनमेल्डुंगचे (पत्त्याच्या सरकारी नोंदणीचे) जे दोन आठवडे सगळे सांगतात ते कधीपासून? विमान उतरल्यापासून नाही, करारावर सही केल्यापासून नाही, घरात राहायला गेल्यापासून. दोन आठवड्यांत टर्मिनच मिळत नसेल तर आधी प्रयत्न केल्याचा पुरावा, बुकिंगचा ईमेल वगैरे, जपून ठेवा.

आता खरा विषय, कायद्यातले शब्द. इथे एकाच शब्दाचा एक अर्थ बोलण्यातला असतो आणि एक ऑफिसातला, आणि कागदावर कुठला वापरलाय ते कोणी सांगत नाही.

"ग्रुंडझेट्सलिश" हा शब्द घ्या. बोलताना कोणी म्हणालं की मी ग्रुंडझेट्सलिश मांस खात नाही तर त्याचा अर्थ तत्त्व म्हणून, कधीच नाही. पण कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ जवळपास उलट, म्हणजे नियम असा आहे पण अपवाद असू शकतो. आपल्या "शक्यतो"च्या जवळचा. त्यामुळे कुठल्या नियमात "ग्रुंडझेट्सलिश परवानगी नाही" असं वाचून लगेच परत फिरू नका, तिथेच विचारायचं की अपवाद कुठले आहेत. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने हा एक शब्द वाचून अर्जच केला नव्हता, वर्षभराने कळलं की त्यांची केस अपवादात बसत होती. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

उलट बाजूला "झोल". बोलताना ते सौम्य वाटतं, करावं, करायला हवं. पण कायद्यात झोल लिहिलेलं असेल तर ऑफिसने तसंच वागायचं असतं, काही फारच वेगळी परिस्थिती असेल तरच सूट. "कान" (करू शकतं) असेल तर मात्र निर्णय त्यांच्या हातात असतो, आणि तिथे तुम्ही नीट कारणं देऊन पत्र लिहिलं तर उपयोग होतो. आपल्याकडे सरकारी पत्रात "अर्जदाराने हजर राहावे" असं येतं, वाचायला विनंती वाटते पण आहे तो हुकूमच हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तसंच इथल्यांना त्यांचं झोल माहीत असतं, आपल्याला ते शिकायला लागतं.

"वेर्कटाग" म्हणजे कामाचा दिवस. शनिवारी ऑफिस बंद म्हणजे शनिवार कामाचा नाही, हो ना? पार्किंगच्या पाटीवर "वेर्कटाग्स" लिहिलं असेल तर त्यात शनिवार येतो, तिकीट न काढता गाडी लावली तर दंड. घर सोडायची नोटीस महिन्याच्या तिसऱ्या वेर्कटागपर्यंत मालकाला मिळाली पाहिजे, आणि तिथे शनिवार मोजतात असं फेडरल कोर्टाने २००५ मध्ये सांगितलं. भाडंही महिन्याच्या तिसऱ्या वेर्कटागपर्यंतच द्यायचं असतं, पण तिथे शनिवार मोजायचा नाही असं त्याच कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं, कारण बँका शनिवारी पैसे फिरवत नव्हत्या. शब्द तोच, कोर्ट तेच, उत्तरं दोन. म्हणून मी सगळ्यांना सांगते नोटीस आदल्या महिन्याच्या विसाव्या तारखेलाच देऊन टाका, एक दिवस चुकला तर अख्ख्या महिन्याचं भाडं जास्त भरायला लागतं.

आणि नोटीस कशी द्यायची हा तर सगळ्यात मोठा घोळ. "श्रिफ्टलिश" म्हणजे लेखी, आणि आपल्याला वाटतं ईमेल लेखीच आहे, व्हॉट्सॅपसुद्धा लेखीच आहे, मालकाने थम्स अप पण दिला, झालं. नाही झालं. राहत्या घराचा करार संपवायला कागदावर पेनाने सही केलेलं पत्र लागतं, करारावर ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची सही, नवऱ्याने एकट्याने सही करून चालत नाही. नोकरी सोडतानाही तसंच, ईमेलवरचा राजीनामा कायद्याने राजीनामाच नसतो, आणि कंपनीने नुसत्या ईमेलवर तुम्हाला काढलं तर तेही ग्राह्य नाही, हे दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे, घाबरून जाऊ नका आणि लगेच कशावर सह्या करू नका. याउलट कायद्यात जिथे "टेक्स्टफॉर्म" म्हटलेलं असतं तिथे ईमेल चालतो. दोन्ही शब्द मराठीत आणले तर दोन्हींचं "लेखी"च होतं, म्हणून भाषांतराच्या ॲपवर विसंबू नका.

व्हिसा वाढवताना एक कागद मिळतो, फिक्शन्सबेशाइनिगुंग. नावात फिक्शन बघून घरचे लोक घाबरतात, खोटा कागद दिला की काय. तो कागद खरा आहे, फक्त तुमचा जुना परवाना निकाल लागेपर्यंत चालू आहे असं कायदा "मानतो", त्या मानण्याला फिक्शन म्हणतात. पण त्यावर कुठल्या चौकोनात फुली आहे ते बघितल्याशिवाय भारताचं तिकीट काढू नका. परवाना संपायच्या आधी वाढवायचा अर्ज केला असेल तर परदेशी लोकांच्या राहण्याच्या कायद्यातल्या कलम ८१ च्या पोटकलम ४ वर फुली असते आणि जाऊन परत येता येतं. पोटकलम ३ असेल तर इथे राहता येतं, पण त्या कागदावर परत आत येता येत नाही. दिवाळीला जाऊन अडकलेली माणसं मी बघितलीत, आईवडिलांना भेटायच्या आनंदात कोणी ती फुली वाचत नाही.

नावाचंही बघा. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं, मग इथल्या कागदांवर दोन्ही मिळून "फोरनाम" (पहिलं नाव) होतं आणि डॉक्टरकडे कधी बाईला नवऱ्याच्या नावाने हाक येते. बँक, विमा, ऑफिस, सगळीकडे पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, एकीकडे मधलं नाव आणि एकीकडे नाही असं केलंत तर दोन वेगळी माणसं समजतात.

आणि संदिग्ध फक्त तेच बोलतात असं नाही हं. आपण निघताना "येतो" म्हणतो, ते जर्मनमध्ये तसंच म्हटलं तर समोरचा वाट बघत बसतो. "बघतो" हा आपला सभ्य नकार, मी एका सहकाऱ्याला त्याच अर्थाने म्हटलं होतं आणि तिने कॅलेंडरमध्ये माझं नाव लिहिलं, दोन आठवड्यांनी विचारलं काम कुठे आहे. तिचं काही चुकलं नव्हतं. आपला परवा तर मागेही जातो आणि पुढेही, त्यांच्याकडे दोन परवांना दोन शब्द आहेत, तारीखच सांगा.

यावर माझा उपाय एकच आहे आणि तो भाषा न येणाऱ्यालाही जमतो. ऐकून झालं की मान हलवायची नाही. आपण काय समजलो ते आपल्या मोडक्या वाक्यात परत म्हणून दाखवायचं, म्हणजे मी गुरुवारी, तीन तारखेला, साडेसातला, मूळ कागद घेऊन येते, बरोबर? आणि घरी आल्यावर तेच ईमेलने पाठवायचं. इथे कोणाला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. आपली मुलं भिडस्त असतात, समोरच्याला दोनदा विचारायला त्रास नको म्हणून हो म्हणून येतात, पण भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे शब्दशः खरं होतं. सरकारी पत्र किंवा करार वाचून घ्यायचा असेल तर ओळखीतल्या जुन्या माणसाला फोन करा, रात्री दहालाही चालेल, आम्हीही कोणालातरी असेच फोन केलेत.

एक राहिलंच. सरकारी पत्राचा पिवळा लिफाफा आला तर फाडून फेकू नका. त्यावर पोस्टमनने टाकल्याची तारीख हाताने लिहिलेली असते आणि मुदत त्या तारखेपासून चालू होते, तुम्ही गावाला होतात, पेटी उघडली नाही, तरीही. दंडाच्या नोटिशीवर हरकत घ्यायला दोन आठवडे असतात, बाकी बऱ्याच सरकारी निर्णयांवर एक महिना, आणि महिना म्हणजे चार आठवडे नाही, तारखेपासून तारखेपर्यंत. साध्या पोस्टाने आलेला निर्णय टाकल्यापासून चौथ्या दिवशी मिळाला असं धरतात, २०२५ च्या आधी तो तिसरा दिवस होता, त्यामुळे जुन्या लोकांनी तीन सांगितले तर ते खोटं बोलत नाहीयेत, त्यांच्या वेळी तसंच होतं. लिफाफा पत्राला स्टेपल करून फाइलला लावा आणि शेवटची तारीख त्यावरच पेनाने लिहून ठेवा.