मोहीम पेटलेली असताना यानाचा चार्ज कसा द्यावा

नेरूळला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी संध्याकाळी अंतराळयानाचा टेबलटॉप खेळ (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत खेळायचा) रंगतो. यानाचं नाव 'सारसोळे'. कॅप्टनला सगळे नाखवा म्हणतात. नाखवा खेळणारा मुलगा ऐरोलीच्या आयटी पार्कात नाईट शिफ्टला असतो, त्यामुळे मोहीम ऐन रंगात आली की त्याला ठाणे लोकलची वेळ दिसायला लागते. अशा वेळी बहुतेक टेबलांवर काय होतं? "बरं, तू नीघ. आता ही कॅप्टन." आणि फासे पुढे. त्या बैठकीतला सगळ्यात चांगला प्रसंग दोन वाक्यांत उरकला.

मी मालवाहू जहाजांवर चीफ ऑफिसर होतो. मध्यरात्री वॉच, म्हणजे जहाज सांभाळायची पाळी, घेणं-देणं हे माझं रोजचं काम. गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसल्यावर मी जहाजावरचे नियम टेबलावर आणले, काही अंतराळवाल्यांकडून उचलले. तुमचं यान कुठलंही असो, फाशांची पद्धत कुठलीही असो, हे चालतात. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: चार्ज, म्हणजे यानाची सूत्रं, दिल्याने जात नाही, घेतल्याने जातो. 'दिला' म्हणणारे पुष्कळ असतात. 'घेतला' कोणी म्हटलं का, ते बघायचं.

आधी ठरवा, आत्ता द्यायचा का

जहाजांवरच्या वॉचसाठी एसटीसीडब्ल्यू नावाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यात सांगितलंय की धोका टाळण्यासाठी जहाज वळवणं किंवा तसली कुठलीही कृती चालू असेल, तर ती पुरी होईपर्यंत वॉच बदलायचा नाही. समोर मासेमारीच्या बोटींचा ताफा आहे, तुम्ही सुकाणू उजवीकडे टाकलंय आणि घड्याळात बारा वाजले. वाजू देत. बोटी मागे पडल्या, जहाज पुन्हा मार्गावर आलं, की मग खाली जाऊन झोपा.

टेबलावर याचा अर्थ सरळ आहे. इंजिनाचा बर्न (इंजिन पेटवून यान ढकलणं) चालू आहे, चार्ज नाही. डॉकिंगचे, म्हणजे दुसऱ्या यानाला जोडून घेण्याचे, शेवटचे मीटर, चार्ज नाही. एअरलॉक (यानातून बाहेर पडायचा दुहेरी दरवाजा) उघडा असेल आणि माणूस बाहेर, तर विषयच काढू नका. खेळाडूला लोकल गाठायची असते हे गेम मास्टरला आधीपासून माहीत असतं. त्यानेच अर्धा तास आधी संकटाला एक पायरी पाडून द्यावी: बर्न संपला, यान तरंगतंय, पुढचा धोका तीन फेऱ्यांवर. लोकल चुकली तर शिव्या नाखव्याला नव्हे, गेम मास्टरला बसल्या पाहिजेत.

पण काही संकटं मिनिटांत संपतच नाहीत. १३ एप्रिल १९७० च्या रात्री चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानावर ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा ह्यूस्टनच्या नासाच्या कंट्रोल रूममध्ये फ्लाइट डायरेक्टर जीन क्रान्झ यांची पाळी संपत आली होती. साधारण तासाभराने ग्लिन लनी यांच्या संघाने सूत्रं घेतली. संकट चालूच होतं, ते पुढे १७ तारखेला यान समुद्रात उतरेपर्यंत चाललं. तेवढा वेळ एकाच संघाला बसवून ठेवलं तर ती माणसं चुका करणारच. म्हणून धोका मिनिटांचा असेल तर थांबा, दिवसांचा असेल तर द्या, आणि लवकर द्या. क्रान्झ यांचा संघ उठला तो घरी जाऊन बसला नाही. यान परत आणताना वीज कशी पुरवायची, या हिशेबाला त्यांना लावलं. तुमच्या मावळत्या कॅप्टनच्या पात्रालाही असंच काम द्या. खेळाडू गेला तरी पात्र यानावरच आहे ना? इंजिन रूममध्ये पाठवा, हिशेब करू दे.

दोन कॅप्टन एकाच वेळी हजर असणं ही तर मेजवानी आहे. २३ फेब्रुवारी १९९७ ला मीर या रशियन अंतराळ स्थानकावर ऑक्सिजन तयार करणाऱ्या कांडीने पेट घेतला, तेव्हा जुना आणि नवा असे दोन्ही संघ मिळून सहा जण आत होते. नवे कमांडर वासिली त्सिब्लियेव्ह येऊन पोचलेले, पण चार्ज अजून वालेरी कोरझून यांच्याकडे. आग विझवण्याचं नेतृत्व कोरझून यांनीच केलं. परतीची सोयूझ यानं दोन, प्रत्येकात तीन जागा, आणि एकीकडे जायची वाट आगीच्या पलीकडे. ही मांडणी आपल्या मोहिमेत जशीच्या तशी उचला. फक्त चार्ज कोणाकडे आहे हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असू द्या, नाहीतर आग राहील बाजूला आणि वाद सुरू होईल.

(कॅप्टन बेशुद्ध पडला किंवा मेला तर हे काहीच लागू नाही. तिथे कोणानंतर कोण, ही यादी पहिल्याच दिवशी लिहून भिंतीला लावलेली हवी.)

कार्ड

पोस्टकार्डाएवढा कागद. त्याहून मोठा नको, वाचला जात नाही. मावळत्या कॅप्टनने तो स्वतःच्या हाताने लिहायचा.

नवशिके त्यावर यानाची माहिती लिहितात: तोफा किती, वेग किती. ते सगळं यानाच्या तक्त्यावर आहेच. कार्डावर अर्धवट राहिलेल्या गोष्टी हव्यात. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाच्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर काय झालं ते बघा. दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता, त्या जागी नुसती चकती बसवलेली. कामाच्या परमिटचा कागद लिहिलेला होता, पण रात्रपाळीला तोंडाने कोणी सांगितलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा यांनी हा चालू केला. १६७ माणसं गेली. ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कंपनीत ज्याने शिफ्ट केलीय, त्याला ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाही.

'सारसोळे'च्या मागच्या भागात धूर झाला होता, तेव्हाचं आमच्या नाखव्याचं कार्ड असं होतं:

तोंड खाणीच्या चंद्राकडे. बर्न झाला. पुढचा चौथ्या फेरीत, आधी नको.
बाहेर कोणी नाही. सगळे आत मोजले.
मागचा दरवाजा मी मुद्दाम बंद ठेवलाय. आत धूर. कोणी कितीही विनवलं तरी उघडू नका.
खाणवाल्यांना शब्द दिलाय: सहाव्या फेरीच्या आत उचलतो.
शंका: तिसऱ्या टाकीचा काटा हलत नाही. टाकी भरलेली आहे की काटा मेलाय, कळत नाही.

शब्द कोणाला दिलाय ही ओळ लोक विसरतात. नवा कॅप्टन मग बिनधास्त दुसरीकडे वळतो आणि खाणीतली माणसं वाट बघत बसतात. पण माझा खरा जीव आहे शेवटच्या ओळीत. शंका लिहायला माणूस कचरतो. आकडा नसतो, पुरावा नसतो, उगाच घाबरट दिसू असं वाटतं. म्हणून मी नियमच केलाय: शंका कार्डावर लिहिलेली असेल, तर नव्या कॅप्टनला ती तपासायला एक फेरी फुकट. लिहिलेली नसेल, तर गेम मास्टर गप्प बसणार आणि जे व्हायचं ते होऊ देणार. तेव्हापासून आमची कार्डं फार प्रामाणिक झालीत.

डोळे अंधाराला सरावू द्या

रात्री जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीत, दिवे मालवलेले असतात. केबिनच्या उजेडातून वर आलेल्या माणसाला पहिली काही मिनिटं समुद्र दिसतच नाही, नुसता काळोख. म्हणून वॉच घ्यायला येणारा आधी येऊन उभा राहतो, आणि डोळे सरावले नसतील तर त्याने वॉच घ्यायचाच नाही, असं नियमातच लिहिलंय.

टेबलावर नव्या कॅप्टनने दोन फेऱ्या जुन्याच्या शेजारी बसावं. हुकूम द्यायचा नाही, फासा टाकायचा नाही, फक्त विचारायचं. आमची पायलट खेळणारी मुलगी वाशीच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. ती वॉर्डचा चार्ज खाटेपाशी उभी राहून घेते. फाईल काहीही म्हणो, सलाईनची बाटली किती उरलीय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघते. तिच्यामुळे आमच्याकडे पद्धत पडली: नवा कॅप्टन उठून प्रत्येक खेळाडूच्या खुर्चीपाशी जातो आणि एकेक प्रश्न विचारतो. इंजिनिअरला, डॉक्टरला, रेडिओवाल्याला. उत्तर कार्डाशी जुळलं नाही, तर तिथेच थांबायचं.

बोलायचं काय

या पायलट मुलीने नाखव्याकडून चार्ज घेतला, तो असा:

"कार्ड वाचलंस?"
"वाचलं. मागचा दरवाजा बंदच. तिसऱ्या टाकीचा काटा संशयित."
"काही विचारायचंय?"
"सहाव्या फेरीचा शब्द तू दिलास की रेडिओवाल्याने?"
"मी."
"ठीक. चार्ज माझ्याकडे."
"चार्ज तुझ्याकडे."

शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं. ते उच्चारलं जाईपर्यंत यान नाखव्याचंच. तो दारात चपला घालत असला तरी त्याचंच. विमानातही एक पायलट दुसऱ्याच्या हाती विमान देतो तेव्हा दोघांनी मोठ्याने म्हणायचं असतं; मान डोलावली हे चालत नाही.

सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे, हेही तितकंच महत्त्वाचं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर कमांड बदलते तेव्हा सगळे एका जागी जमतात. सुनीता विल्यम्स आठवड्याभराच्या बेताने वर गेल्या होत्या, मुक्काम लांबला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ओलेग कोनोनेन्को यांच्याकडून त्यांनी स्थानकाची कमांड घेतली. मार्च २०२५ मध्ये ती अलेक्सी ओव्हचिनिन यांना देऊन मग त्या खाली आल्या. पहिल्या मोहिमेचे कमांडर बिल शेपर्ड अमेरिकी नौदलातले. त्यांच्या काळापासून स्थानकावर जहाजाची घंटा आहे. आमच्याकडे देवघरातली छोटी घंटा आहे. वाजली की रेडिओवाला लॉगमध्ये वेळ लिहितो. शेजारच्या हॉलमध्ये भजनी मंडळ बसतं, त्यांना सुरुवातीला आरती सुरू झाली असं वाटायचं.

चार्ज दिल्यावर नाखवा लोकलमधून फोन करतो: "अरे, डावीकडे घ्या!" त्याला उत्तर जहाजाच्या नियमात आहे. मास्टर, म्हणजे जहाजाचा कॅप्टन, स्वतः ब्रिजवर येऊन उभा राहिला, तरी 'आता मी घेतो' असं त्याने स्पष्ट म्हणून ते दोघांना कळेपर्यंत जबाबदारी वॉचवरच्या ऑफिसरचीच असते. नुसत्या हजेरीने चार्ज जात नाही, मग फोनने कसा जाईल? सल्ला म्हणून ऐका. पुढच्या रविवारी तो परत आला तरी आपोआप कॅप्टन होत नाही. पुन्हा कार्ड, पुन्हा खुर्च्यांची फेरी, पुन्हा घंटा.

आकडे परत म्हणून घ्या

अपोलो १३ च्या तिघांना 'ओडिसी' हे मुख्य यान सोडून 'अक्वेरियस' या चंद्रावर उतरायच्या यानात जायचं होतं आणि ओडिसीची वीज संपत आली होती. माणसं सरकली म्हणून नव्या यानाला आपण कुठल्या दिशेला तोंड करून आहोत हे कळत नाही. ओडिसीच्या दिशादर्शक यंत्रणेतले कोन घेऊन, त्यांचं गणित करून ते अक्वेरियसमध्ये भरायचे होते. कमांडर जिम लव्हेल यांनी ते हाताने मांडलं आणि ह्यूस्टनला सांगितलं, माझी बेरीज-वजाबाकी तपासा. चंद्राला जाणारा माणूस वजाबाकी तपासून घेतो, तिथे आपण कोण?

खेळात प्रत्येक आकडा घेणाऱ्याने लिहून, मोठ्याने परत म्हणायचा. चुकीचा म्हटला आणि कोणी टोकलं नाही, तर तो चुकीचा आकडाच खरा धरून मोहीम पुढे न्या. दया दाखवू नका.

नकार

दोघांनाही नकाराचा हक्क आहे. समोरचा काम करण्याच्या स्थितीत नाही असं वाटलं तर वॉचवरच्या ऑफिसरने वॉच द्यायचा नसतो, मास्टरला कळवायचं असतं. नव्या कॅप्टनच्या डोक्याला मार लागलाय? देऊ नका. उलट बाजूने, कार्डावर 'सगळं ठीक' एवढंच लिहिलं असेल तर घेऊ नका. या नकारातून जो ताण येतो तो बंडाळीपेक्षा सरस. बंडाळी मला टेबलावर आवडत नाही. दर वेळी त्याच दोघांना हवी असते.

चार्ज घेतल्यावर पहिल्या फेरीत जुना हुकूम बदलू नका, अगदी तो मूर्खपणाचा वाटला तरी. दरवाजा का बंद आहे ते कदाचित दुसऱ्या फेरीत कळेल.

कॅप्टन लांब असेल तर

तारायानांच्या खेळात हे हमखास येतं: कॅप्टन छोट्या यानातून दुसऱ्या ग्रहावर गेलाय आणि तिथूनच हुकूम सोडतोय. प्रकाशाला, म्हणजे रेडिओलाही, मंगळ ते पृथ्वी एका बाजूने साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, ग्रह कुठे आहेत त्यावर. त्याला दिसतं ते आधीचं, त्याचा हुकूम पोचतो तो नंतर. आमचा हिशेब असा: एक फेरी म्हणजे एक मिनिट, आणि जाऊन-येऊन दोन फेऱ्यांपेक्षा जास्त लागत असतील तर कॅप्टनने निघण्यापूर्वीच चार्ज देऊन जायचं. न देता गेला, तर त्याचे हुकूम कागदावर लिहून गेम मास्टरकडे द्यायचे आणि तितक्या फेऱ्यांनी उघडायचे. एकदा करून बघा. पुढच्या वेळी तो एअरलॉकपाशी कार्ड लिहूनच उभा असतो.