शाळेची इमारत किती उंच? दहावीच्या त्रिकोणमितीसाठी दोन तासिकांचा उपक्रम

उन्नत कोनाची (आडव्या रेषेपासून वर बघताना होणाऱ्या कोनाची) उदाहरणं मुलं वहीत धडाधड सोडवतात, पण मैदानावर कोन नेमका कुठून मोजायचा इथेच अडतात. म्हणून एक तासिका साधन बनवायला द्या, दुसरी मोजायला.

चौघांच्या गटाला एक कोनमापक, एक स्ट्रॉ, 30 सेंमी दोरा आणि साधारण 10 ग्रॅमचा नट पुरतो. नट कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठंही मिळेल. खोडरबराचा तुकडा बांधून भागवू नका, वाऱ्यानं दोरा हेलकावत राहतो. कोनमापकाच्या सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवा, मध्यबिंदूच्या भोकातून दोरा ओवून नट लोंबता सोडा. झाला गवंड्याचा ओळंबा! गोल बाजू खाली ठेवून स्ट्रॉ आडवी धरली की दोरा 90 वर यायला हवा. येत नसेल तर स्ट्रॉ तिरकी बसली आहे.

एकानं स्ट्रॉतून इमारतीचा माथा बघायचा, दुसऱ्यानं बाजूनं आकडा वाचायचा, उरलेल्या दोघांनी टेप धरायची. (सूर्य समोर असेल तर जागा बदला.) दोरा 58 वर असो की कोनमापकावरच्या उलट्या आकड्यांच्या ओळीतल्या 122 वर, 90 पासूनचा फरक 32, तोच उन्नत कोन. अंतर 20 मीटर असेल तर 20 × टॅन 32° = 12.5 मीटर. त्यात बघणाऱ्याच्या डोळ्याची उंची, समजा 1.45, मिळवा. ही मिळवणी निम्मे गट विसरतात, विसरू द्या. उत्तरं फळ्यावर शेजारी मांडली की चूक त्यांनाच सापडते.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर रेडियनवर असला तर टॅन 32 = 0.66 दाखवतो. खरं उत्तर 0.62, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. आधी टॅन 45 काढून 1 येतो का बघा.

प्रत्येक गटाला मुद्दाम वेगळ्या अंतरावर उभं करा. डोळ्याच्या पातळीपासून 20 मीटर उंच माथा 45° ला दिसत असेल, तर एका अंशाच्या चुकीनं उत्तर सुमारे 70 सेंमीनं हलतं. लांब जाऊन 15° ला बघितलं तर जवळपास 1.4 मीटरनं.

कोल्हापूरच्या न्यू पॅलेस राजवाड्याच्या घड्याळाच्या मनोऱ्यासारखं काही मोजायचं तर पायथ्यापर्यंत टेप पोचत नाही. तिथं एकाच रेषेत दोन जागांवरून कोन घ्या. जवळून 45°, 20 मीटर मागून 30° आला, तर उंची 20 ÷ (√3 − 1), म्हणजे 27.3 मीटर, अधिक डोळ्याची उंची. दोन-तीन मीटरच मागं सरकलात तर दोन्ही कोन जवळजवळ सारखे येतात आणि उत्तर कुठंही भरकटतं.