घरात सापडलेली जुनी पेन पेन्सिल कुठली, किती सालची, कसं ओळखायचं

आजोबांची, काकांची जुनी पेन पेन्सिल हातात आली की सगळ्यात आधी तिला ब्रासो लावायचा मोह टाळा, अगदी हात जोडून सांगतो, कारण सालाचा जो काही पुरावा असतो तो क्लिपवर नाहीतर टोपीच्या कडेला इतक्या बारीक अक्षरात असतो की दोनदा जोरात घासलं की गेलाच. कोरड्या मऊ कापडाने पुसा, खिडकीत तिरक्या उजेडात धरा आणि मोबाईलने झूम करून सगळीकडून फोटो काढा.

मग लीड बघा. माझ्या मते ब्रँडपेक्षा लीडची जाडी जास्त खरं बोलते. ०.५, ०.७, ०.९ एमएमच्या डब्या ठाण्याला नौपाड्यात, वाशीला सेक्टर १७ मध्ये कुठेही मिळतात, एकेक लीड टोकातून हलकेच सरकवून बघायचं, जोर नाही लावायचा. ०.९ पण सैल हलत असेल तर बहुधा १.१८ एमएम, महायुद्धाच्या आधीच्या बऱ्याच अमेरिकन पेन्सिली याच मापाच्या, वॉल एव्हरशार्प वगैरे. पण ब्रिटिश यार्ड-ओ-लेडने हे माप पुढेही चालू ठेवलं, म्हणून एवढ्यावरच साल ठरवू नका. आणि ०.५ ची असेल तर ती "पणजोबांची, स्वातंत्र्याच्या आधीची" असणं शक्य नाही, कारण जपानी पेंटेल कंपनीने पॉलिमर (राळ मिसळलेलं, कमी मोडणारं) लीड आणलं १९६० मध्ये आणि इतकं बारीक लीड त्यानंतरच चालायला लागलं.

आपल्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या घरांत बऱ्याचदा सापडते ती २ एमएमची क्लच पेन्सिल. मागचं बटण दाबलं की पुढचा जबडा उघडतो आणि लीड सुळकन खाली येतं, ड्रॉइंग ऑफिसमधली वस्तू ही. माझ्या मामांची आहे, हिरवी फाबर कास्टेल टीके ९४००, पकडायच्या जागी धातू घासून गुळगुळीत झालाय. तसल्या जर्मन पेन्सिलीवर देशाचं नाव नीट वाचा, पश्चिम जर्मनी लिहिलं असेल तर १९४९ ते १९९० मधली, आणि मामा नोकरीला कधी लागले हे मामींना विचारलं की तो चाळीस वर्षांचा पट्टा आपोआप आखडतो. नुसतं डी.आर.पी. किंवा डी.आर.जी.एम. (जर्मन पेटंट-नोंदणीच्या खुणा) असेल तर ती साधारण १९४५ च्या आधीच्या जर्मनीतली, डी.बी.पी. म्हणजे युद्धानंतरची. ऑक्युपाइड जपान असं दिसलं तर १९५२ च्या पुढची नाही, आणि चेकोस्लोव्हाकिया असेल (कोहिनूर कंपनीच्या पेन्सिलींवर असतं) तर १९९२ च्या आतली.

अमेरिकन पेटंट नंबर असेल तर फारच छान. दहा लाखावा नंबर १९११ चा, वीस लाखावा १९३५ चा, तीस लाखावा १९६१ चा, आपला कुठे बसतो ते बघा. फक्त पेटंटनंतर तीच वस्तू वर्षानुवर्षं बनत राहते, त्यामुळे नंबर "याच्या आधीची नाही" एवढंच सांगतो. पार्करवर १९८० पासून क्वालिटी पेन या शब्दांतली अक्षरं येतात, क्यू म्हणजे ०, यू म्हणजे १, असं एन म्हणजे ९ पर्यंत, तो वर्षाचा शेवटचा आकडा. दशक मात्र मॉडेलवरून ठरवावं लागतं.

चांदीची असेल आणि चालणाऱ्या सिंहाचा ठसा असेल तर ब्रिटिश स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के चांदी. शेजारी जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि एक सुटं अक्षर असतं तेच साल, पण अक्षराची वळणं आणि भोवतीच्या चौकटीचा आकार दोन्ही त्या शहराच्या साल-अक्षरांच्या तक्त्याशी जुळले पाहिजेत. सराफाकडे नेलीत तर कसोटीवर घासू देऊ नका, कॅरेट मीटरवर बघायला सांगा.

प्लास्टिकचा अंदाज वासावरून येतो. अंगठ्याने घासून गरम करा, कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड, म्हणजे बहुधा १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची. गरम सुई लावून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. पाण्यात भिजवू पण नका, केसिनचं (दुधातल्या प्रथिनापासून बनवलेलं जुनं प्लास्टिक) असेल तर फुगतं. आणि बंद पिशवीत इतर पेनांबरोबर कोंडून ठेवू नका, खराब होणाऱ्या सेल्युलॉइडमधून निघणाऱ्या वाफेने शेजारचा धातू गंजतो, आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तर लवकरच, त्यामुळे ती वेगळी, हवेशीर डब्यात ठेवा.